तेरा तारखेला उघडी पडणारी चूक

"डिसेंबरात हापूस कुठला हो?"

फोनवरचा आवाज शांत होता आणि त्यामुळेच मला घाम फुटला. रत्नागिरीजवळच्या एका बागायतदाराला मी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम करून दिला होता. ॲक्सेसमधले दोन फॉर्म आणि चार रिपोर्ट, एवढाच तेव्हाचा माझा वकूब. हंगाम संपल्यावर त्यांनी महिनावार रिपोर्ट काढला, तर ४ डिसेंबरला चाळीस पेट्या वाशीला गेलेल्या. ४ नोव्हेंबरला बावीस. ४ जुलैला, भर पावसात, एकतीस. डिसेंबरात कलमांना जेमतेम मोहोर धरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या प्रोग्रामला तेवढं ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. फॉर्मवर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहायची, आपण सगळे लिहितो तशी. तो मजकूर मी जसाच्या तसा उचलून क्वेरीत दोन हॅशच्या मध्ये बसवत होतो. ॲक्सेसची क्वेरी हॅशमधली तारीख अमेरिकी पद्धतीने वाचते: आधी महिना, मग दिवस. विंडोजमध्ये तुम्ही भारतीय पद्धत निवडली असली तरी क्वेरीला त्याचं सोयरसुतक नसतं. त्यामुळे १ एप्रिलची विक्री ४ जानेवारीला गेली, २ एप्रिलची ४ फेब्रुवारीला, ५ एप्रिलची ४ मेला आणि १२ एप्रिलची ४ डिसेंबरला. ४ एप्रिल तेवढी बचावली. १३ तारखेपासून पुढे सगळं बरोबर, कारण तेरावा महिना नसतो. अशा वेळी ॲक्सेस कुरकुर न करता दिवस-महिन्याची अदलाबदल स्वतःच करून घेतं. असा परोपकारी स्वभाव फार महागात पडतो. आणि मी चाचणी घेतली होती ती नेमकी महिन्याच्या बावीस तारखेला.

म्हणून पहिलं सांगणं: तारखांत घोळ आहे अशी शंका आली की आधी १ ते १२ तारखांच्या नोंदी बघा. चूक तिथे लपते. आणि नवीन क्वेरी तपासताना ५ एप्रिलसारखी तारीख मुद्दाम घ्या. ४ एप्रिल घेऊ नका आणि २२ एप्रिलही नको, या दोन्ही तारखा काहीच सांगत नाहीत.

एक खुलासा इथेच करतो. या लेखात क्वेरीतले शब्द आणि आकडे देवनागरीत छापले आहेत, वाचायला सोपं जावं म्हणून. टाइप करताना दोन्ही रोमन हवेत. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि वर्ष देवनागरी आकड्यांत गेलं, तर बहुतेक डेटाबेस ते ओळखत नाहीत. तीच गत वर्डमधून चिकटवलेल्या क्वेरीची: वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतं आणि आपण तासभर तारखेत चूक शोधत बसतो.

शिकाऊ मुलं पहिला प्रश्न विचारतात, "सर, टेबलमध्ये तारीख कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे?" रकाना खरोखर तारखेच्या प्रकाराचा असेल तर उत्तर आहे, कुठल्याच नाही. आत असतो तो आकडा. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस मोजतो. युनिक्सच्या घराण्यातली बरीच यंत्रं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. पडद्यावर जे दिसतं तो त्या आकड्याला चढवलेला वेश. आपण क्वेरीत जे लिहितो तो तिसराच प्रकार: डेटाबेसला दिलेला मजकूर, ज्यावरून त्याने आकडा ओळखायचा असतो. दिसणं सुधारलं म्हणून वाचणं सुधारत नाही. मला भेटलेल्या गोंधळांपैकी निम्मे या दोहोंच्या गल्लतीतले होते. रिपोर्टवर ०५-०४-२०२४ दिसावं म्हणून कुणी फॉरमॅट बदलतो आणि मग क्वेरीतही तसंच लिहायला लागतो.

तर लिहायचं कसं? वर्ष चार आकडी, मग महिना दोन आकडी, मग दिवस दोन आकडी, मध्ये आडव्या रेघा आणि सगळं एकेरी अवतरणात: '२०२४-०४-०५'. हाच तो आयएसओ ८६०१, १९८८ साली ठरलेला. मोठं आधी, लहान नंतर, जसं आपण तास-मिनिट-सेकंद म्हणतो. आणखी एक फायदा असा की या रूपातल्या तारखा नुसता मजकूर म्हणून लावल्या तरी काळाच्या क्रमाने लागतात.

या क्रमाशिवाय काय होतं ते बघायला आपल्या मालगुंडच्या केशवसुतांकडे चला. त्यांचं निधन ७ नोव्हेंबर १९०५ चं. ०७/११/१९०५ असं लिहिलं की अमेरिकी डोळ्यांना ते ११ जुलै दिसतं. लोकमान्यांची जन्मतारीख, २३ जुलै १८५६, सुरक्षित आहे, तेवीस महिना होऊच शकत नाही. पण त्यांची पुण्यतिथी १ ऑगस्ट १९२०, म्हणजे ०१/०८/१९२०, चुकीच्या हातात पडली तर ८ जानेवारी. एखाद्या वाचनालयाने पुण्यतिथीच्या कार्यक्रमांची यादी अशा तारखांवरून काढली, तर कार्यक्रम सात महिने आधी व्हायचा.

अवतरणचिन्हं विसरलात तर गंमत आणखी पुढची. २०२४-०३-०५ असं उघडं लिहिलं की डेटाबेस ती वजाबाकी समजतो. २०२४ वजा ३ वजा ५ बरोबर २०१६. काही डेटाबेस इथे हटकतात. पण एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम हा २०१६ निमूट घेतो आणि १ जानेवारी १९०० पासून २०१६ दिवस मोजून १० जुलै १९०५ या दिवशी जाऊन बसतो. तुमच्या रिपोर्टमध्ये १९०५ सालच्या जून-जुलैच्या तारखा अचानक उगवल्या, तर इतिहास शोधू नका, अवतरणचिन्हं शोधा.

आता प्रत्येक डेटाबेसच्या खोडी. सगळ्या सांगत नाही, ज्या आपल्याकडच्या कचेऱ्यांत पुन्हा पुन्हा भेटतात त्याच.

ॲक्सेसचं वर झालंच. हॅश सोडू नका, पण आत #२०२४-०४-०५# असं लिहा. ते निमूट आणि बरोबर वाचलं जातं.

एसक्यूएल सर्व्हर हा यातला सर्वांत धूर्त गडी. वर्ष-महिना-दिवस असं लिहूनही तो फसवू शकतो, हे कळलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकलो होतो. लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्लिश असेल आणि रकाना जुन्या डेटटाइम प्रकाराचा असेल, तर '२०२४-०३-०५' तो ३ मे असं वाचतो, म्हणजे वर्ष-दिवस-महिना. आपल्याकडे दिवस-महिना-वर्ष दिसावं म्हणून ब्रिटिश इंग्लिश निवडणारे कमी नाहीत, त्यामुळे ही गोष्ट पुस्तकातली समजू नका. त्याच सर्व्हरवर दुसऱ्या लॉगिनने तीच क्वेरी बरोबर चालते, आणि मग दोन टेबलांवरची दोन माणसं एकमेकांना वेड्यात काढतात. नव्या डेट आणि डेटटाइम-२ या प्रकारांना हा रोग नाही. जुना प्रकार बदलणं हातात नसेल तर रेघा काढून टाका: '२०२४०३०५'. आठ आकडे सलग लिहिले की भाषा कुठलीही असो, अर्थ एकच. सोबत वेळ हवी असेल तर रेघा ठेवून तारीख आणि वेळेच्या मध्ये जागा न सोडता रोमन टी घाला, तेही सुरक्षित.

पोस्टग्रेस स्वभावाने सरळ. त्याची डेटस्टाइल महिना-आधी अशी असताना '१३/०४/२०२४' दिलं की तो तोंडावर चूक दाखवतो, ॲक्सेससारखी गुपचूप अदलाबदल करत नाही. '०५/०४/२०२४' मात्र त्यालाही ४ मे वाटतं. ओरॅकलमध्ये तारखेच्या आधी डेट हा शब्द लावून डेट '२०२४-०४-०५' लिहिलं की सेशनच्या मांडणीवर विसंबावं लागत नाही. टू_डेट वापरत असाल तर मिनिटांसाठी एम-आय लिहा. एम-एम म्हणजे महिना. टू_डेट तिथे चूक दाखवून थांबवतं तरी. छापण्यासाठी टू_चार वापरताना मात्र कुणी हटकत नाही आणि एप्रिल महिन्यातला प्रत्येक व्यवहार चार मिनिटांनी झालेला दिसतो. मायएसक्यूएलमध्ये हेच दुखणं वेगळ्या अक्षरात आहे: मिनिटांसाठी टक्क्याच्या चिन्हापुढे लहान आय येतो, एम नाही.

एसक्यूलाइट मोबाइलच्या ॲपमध्ये सर्रास असतं आणि त्याला तारखेचा असा प्रकारच नाही. तुम्ही जो मजकूर द्याल तो तो ठेवतो. तिथे दिवस-महिना-वर्ष लिहून ठेवलंत तर '०५/०४/२०२३' हे '०३/०५/२०२४' पेक्षा मोठं ठरतं, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. वर्ष-महिना-दिवस लिहिण्याशिवाय तिथे गत्यंतर नाही.

दोन आकडी वर्ष कुठेच लिहू नका. मायएसक्यूएल ६९ ला २०६९ मानतं आणि ७० ला १९७०. एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या मांडणीत ४९ पर्यंत दोन हजारांत नेतो आणि ५० पासून एकोणीसशेत. पेन्शनर आजोबांचं जन्मसाल ४५ लिहिलंत तर ते अजून जन्मायचेत.

हे सगळं खरं, पण मी आज हाताने तारीख लिहितो ती फक्त स्वतः डेटाबेससमोर बसून काही शोधताना. प्रोग्रामच्या आत तारीख क्वेरीच्या मजकुरात गुंफायचीच नाही. क्वेरीत तिथे प्रश्नचिन्ह किंवा नाव ठेवायचं आणि तारीख तारखेच्याच रूपात वेगळी पाठवायची, म्हणजे पॅरामीटर. पीएचपी, पायथन, सी-शार्प, जावा, सगळ्यांत याची सोय आहे. मजकूर नाही म्हटल्यावर दिवस आधी की महिना आधी हा प्रश्नच निघत नाही. शिवाय फॉर्ममध्ये तारखेच्या जागी भलतंसलतं लिहून डेटाबेस पोखरणाऱ्यांची वाटही बंद होते. त्या आंब्याच्या प्रोग्राममध्ये मी हे केलं असतं तर हा लेख लिहायला मला दुसरा विषय शोधावा लागला असता.

तारीख बरोबर लिहिली, आता हद्द. मिरकरवाडा बंदराचं उदाहरण घेऊ. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. त्यामुळे मे महिन्याचे शेवटचे दिवस बंदरात गजबजीचे. बाहेर असलेल्या नौका माल घेऊन परततात. एखाद्या संस्थेला मे महिन्यातली आवक हवी आहे आणि तिचा लेखनिक लिहितो, बिट्वीन '२०२४-०५-०१' अँड '२०२४-०५-३१'. दिसायला निर्दोष. पण रकान्यात वेळही असेल तर '२०२४-०५-३१' याचा अर्थ ३१ मेचे शून्य वाजून शून्य मिनिटं, म्हणजे ३० आणि ३१ च्या मधली मध्यरात्र. ३१ मेच्या सकाळी, दुपारी, संध्याकाळी उतरलेली मासळी या क्वेरीच्या बाहेर राहते. नेमका तोच दिवस गळतो.

यावर बरेच जण २३:५९:५९ जोडतात. मला तो उपाय आवडत नाही. शेवटच्या सेकंदाच्या पोटातल्या नोंदी तरीही निसटतात, आणि पुढे .९९९ लावलंत तर एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम तो पूर्णांकात ओढून दुसऱ्या दिवसाच्या शून्य वाजता नेतो, म्हणजे १ जूनच्या पहिल्या क्षणाची नोंदही मेमध्ये. त्यापेक्षा असं लिहा:

व्हेअर आवक_वेळ >= '२०२४-०५-०१'
अँड आवक_वेळ < '२०२४-०६-०१'

सुरुवात धरून, शेवट सोडून. महिना तिसाचा की एकतिसाचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हे आठवावंच लागत नाही. पुढच्या महिन्याची पहिली तारीख प्रत्येकाला येते.

मध्यरात्रीचा हा घोळ कोकणात रेल्वेने जाणाऱ्याला समजावून सांगावा लागू नये. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. (केशवसुतांच्या कवितेवरून या गाडीचं नाव २०१७ साली तुतारी ठेवलं.) चार तारखेची जेवणं उरकून निघणाऱ्या माणसाला तिकीट पाच तारखेचं काढावं लागतं, आणि चारचं काढून स्टेशनवर आलेला एक तरी नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याची गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते. डेटाबेसच्या दृष्टीने '२०२४-०४-०५ ००:०५' ही नोंद पाच तारखेची, आणि वरच्या पद्धतीची क्वेरी ती पाचमध्येच धरते.

याच कारणाने तारीख एका रकान्यात आणि वेळ दुसऱ्या रकान्यात ठेवू नका. नौका रात्री अकराला निघाली आणि पहाटे तीनला परतली, तर नुसत्या वेळांची वजाबाकी उणे वीस तास येते. दोन्ही एकत्र ठेवलं तर चार तास, जे तांडेलालाही पटतं.

रकान्यावर फंक्शन लावायची सवयही सोडा. व्हेअर इयर(तारीख) = २०२४ वाचायला छान, पण त्यासाठी डेटाबेसला प्रत्येक ओळीतलं वर्ष काढून बघावं लागतं आणि तारखेवर केलेला इंडेक्स पडून राहतो. शिवाय आपलं हिशेबाचं वर्ष १ एप्रिलपासूनचं. इयर फंक्शनला त्याचा पत्ता नाही. >= '२०२३-०४-०१' आणि < '२०२४-०४-०१', झालं आर्थिक वर्ष.

पतसंस्थांसाठी एक टीप. हप्त्याची तारीख काढताना मागच्या हप्त्यात महिना मिळवत जाऊ नका. २०२४ सालच्या ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २९ फेब्रुवारी येतो, त्यात पुन्हा मिळवला की २९ मार्च, आणि कर्जदाराचा ३१ तारखेचा हप्ता कायमचा २९ वर घसरतो. प्रत्येक वेळी मूळ तारखेतच एक, दोन, तीन महिने मिळवा.

आता घड्याळ. डेटाबेस आपल्या टेबलाखालच्या यंत्रावर होता तोवर वेळ म्हणजे भिंतीवरची वेळ. तो भाड्याच्या सर्व्हरवर गेला की वेळ बहुधा यूटीसीत लिहिली जाते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आंब्याची गाडी वाशीला ५ एप्रिलच्या पहाटे चारला उतरली, तर सर्व्हरच्या लेखी ती ४ एप्रिलच्या रात्री साडेदहाला उतरली. पहाटेच्या व्यवहारांचा धंदा असेल, आणि फळं, मासळी, दूध, वर्तमानपत्रं हे सगळे तसेच धंदे, तर रोजचा निम्मा माल आदल्या दिवशी जमा होतो. बेरीज महिनाअखेरीला जवळजवळ जुळते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

साठवताना यूटीसी ठेवायला माझी हरकत नाही. उलट दुबईला माल जात असेल तर तेच बरं. फक्त क्वेरीत हद्द बदलून लिहा. भारतातला ५ एप्रिल यूटीसीत '२०२४-०४-०४ १८:३०' ला सुरू होतो आणि '२०२४-०४-०५ १८:३०' ला संपतो. पोस्टग्रेसमध्ये ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता' लिहून दाखवण्याचं काम होतं. मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट_टीझेड आहे, पण विभागांची टेबलं भरलेली नसतील तर नावाने विचारल्यावर ते नल परत करतं. तिथे सरळ '+०५:३०' द्या. मायएसक्यूएलच्याच दोन प्रकारांतला फरकही ध्यानात असू द्या. टाइमस्टॅम्प सेशनच्या विभागाप्रमाणे वेळ बदलून ठेवतो आणि दाखवतो, डेटटाइम दिलं तसं ठेवतो.

साडेपाच तासांचा हा आकडाही अनादी नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली, पण मुंबईने आपली जुनी वेळ, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढची, पार १९५५ पर्यंत धरून ठेवली. दोहोंत ३९ मिनिटांचा फरक. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे होतं. जुन्या दप्तरातल्या वेळा डेटाबेसमध्ये भरणाऱ्याने त्या जशा लिहिल्या आहेत तशाच, विभाग न लावता भराव्यात.

आणि मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प जुन्या तारखांना चालतच नाही. तो १९७० ला सुरू होतो आणि १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतो. २०३८ लांब वाटतं, पण २०२४ साली दिलेलं पंधरा वर्षांचं घरकर्ज २०३९ मध्ये फिटतं. शेवटच्या हप्त्याची तारीख त्या रकान्यात मावणार नाही.

जिथे तारीख माहीतच नाही, तिथे काय? केशवसुतांची जन्मतारीख ७ ऑक्टोबर १८६६ आणि १५ मार्च १८६६ अशी दोन्ही प्रकारे छापलेली सापडते. कवीचं जाऊ द्या. कुठल्याही सभासद यादीवर जन्मतारखेप्रमाणे मोजणीची क्वेरी चालवा, १ जूनला एकदम गर्दी दिसेल. मराठी माणसाला याचं कारण सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, आईने "पावसाच्या आधी झाला" म्हटलं, आणि १ जून लागला. वाढदिवसाचे संदेश आपोआप पाठवणारी क्वेरी लिहिताना ही गर्दी लक्षात ठेवा. मात्र नव्या टेबलात असले १ जून तुम्ही निर्माण करू नका. तारीख माहीत नसेल तर नल. १ जानेवारी १९०० नको आणि सगळी शून्यंही नकोत. नल तपासताना बरोबरचं चिन्ह चालत नाही, इज नल असं लिहावं लागतं. तेवढा त्रास सोसा. नुसतं साल ठाऊक असेल तर सालाचा वेगळा रकाना करा.

तिथीच्या बाबतीत तर क्वेरीत गणित करायच्या फंदात पडूच नका. नारळी पौर्णिमा यंदा कितीला, हे कुठलंही डेट फंक्शन सांगणार नाही. टेबल करा: इंग्रजी तारीख एका रकान्यात, तिथी किंवा सण दुसऱ्यात, आणि ते जोडून घ्या. यात नवं काही नाही. दापोलीजवळच्या मुरुडला १८५३ साली जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सेवेलसोबत 'द इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ सिद्ध केला, तो १८९६ चा. त्याचा मोठा भाग म्हणजे आपल्या तिथी आणि इंग्रजी तारखा यांची सांगड घालणारी कोष्टकंच. फक्त तुमच्या टेबलात पंचांगाच्या नावाचा तिसरा रकाना विसरू नका. रत्नागिरीत टिळक पंचांग पाळणारी घरं आहेत, आणि एखाद्या वर्षी त्यांचा गणपती शेजाऱ्यांच्या गणपतीच्या महिनाभर आधी बसतो.

त्या आंब्याच्या हिशेबाचं पुढे काय झालं, तेही सांगतो, कारण बिघडलेल्या तारखा दुरुस्त करण्याची वेळ तुमच्यावरही येईल. पहिला विचार सोपा होता: दिवस बारापर्यंतचा असलेल्या सगळ्या नोंदींत दिवस-महिना पुन्हा उलटायचा. पण बागायतदारांच्या मुलाने काही चुका मधल्या काळात थेट टेबल उघडून सुधारल्या होत्या, आणि तिथे ॲक्सेस विंडोजची भारतीय पद्धत मानतं. म्हणजे काही नोंदी उलट्या, काही सुलट्या, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. सरसकट उलटलं असतं तर बरोबर होत्या त्याही बिघडल्या असत्या. तेव्हा आधी टेबलाची प्रत काढली. मग मूळ तारखेला हात न लावता शेजारी नवा रकाना केला, आणि नोंदी पावती क्रमांकाने लावल्या. २१२ ची पावती ११ एप्रिलची, २१४ ची १३ एप्रिलची, आणि २१३ ची ४ डिसेंबरची? मग ती १२ एप्रिलची. जिथे उलटलेली तारीख आजूबाजूच्या पावत्यांत बसते आणि मूळची बसत नाही, तिथे उलटलेली घ्यायची. शंका आली तिथे दलालाच्या पट्ट्या काढून बघितल्या. जुने कारकून महिना अक्षरात लिहीत, त्यामुळे पट्टीवर वाद नव्हता.

एक नोंद उरली. बागेतच दिलेल्या पाच पेट्या, पावती क्रमांक नाही, पट्टी नाही. ५ एप्रिल की ४ मे? दोन्ही हंगामातल्याच. भावावरून ओळखावं म्हटलं, एप्रिलचा भाव चढा असतो, मेचा उतरलेला. पण त्या पेट्या गेल्या होत्या व्याह्यांकडे, घरच्या भावाने. त्या ओळीत तारीख अजून नल आहे.